उमरेडजवळचा गुलाबी दगड

उमरेडला कोणी हवापालटाला जात नाही. नागपूरहून सकाळच्या मोटारीत बसायचं, दोन तास धूळ खायची, बाजारात लुगडी पाहायची आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत यायचं, एवढाच आमच्याकडे उमरेडचा प्रवास. मी तिथं नऊ दिवस राहिलो आणि लुगडं एकही आणलं नाही, म्हणून घरी बरंच ऐकून घ्यावं लागलं. शाळेतले सहकारी विचारतात, एवढे दिवस तिथं पाहिलंत तरी काय? मी सांगतो, जमीन पाहिली. ते हसतात. जमीन मी खरोखरच पाहिली. पण तिथं मी जे केलं ते मात्र कोणाला सांगितलेलं नाही. ते आज लिहितो आहे.

आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याला दोन वर्षं झाली होती. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर अनंताचं पत्र आलं. ‘आमचा तळ उमरेडजवळ पडला आहे. सुट्टीत ये. तुझ्या त्या भूगोलाच्या पुस्तकात नाही ते दाखवतो.’ पत्र प्रेमानं लिहिलेलं होतं. माझी नजर मात्र ‘तुझ्या त्या’ या दोन शब्दांवर जाऊन बसली ती उठेना.

अनंत आणि मी कॉलेजात दोन वर्षं एका बाकावर बसून भूगर्भशास्त्र शिकलो. माझे वडील नागपूरच्या महाल भागात मागावर बसत, त्याचे वडील वकील होते. दोन्ही वर्षं परीक्षेत मी वर आणि तो खाली. पुढे दगड आणि खनिजं शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात दोघांनी अर्ज केले, दोघांनाही बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरनं माझा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मला भिंत दिसत होती, अक्षरं दिसत नव्हती. अनंत साहेब झाला. मी महालातल्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर झालो. त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत अनंताचं पत्र आलं की मी ते दोन दिवस न फोडता ठेवत असे. मी उत्तरात लिहीत असे, ‘वाचून आनंद झाला.’

नागपूर ते उमरेड

मोटारीत माझ्या शेजारी वांग्यांची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी शेतं, वेचणीला आलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेल्या तुरी. अनंताला भेटण्याआधी कोणाला तरी आपली विद्या दाखवावी असं मला वाटलं असावं. मी बाईंना म्हणालो, "ही काळी माती आहे ना, ती एके काळी वितळलेला दगड होती. जमिनीच्या भेगांतून वर आली, पसरली, थिजली. आपली सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. ऊनपावसानं त्याचं पीठ झालं, तीच ही माती."

"असं कसं गा भाऊ?" बाई म्हणाल्या. "माती त मातीच असते. दगडाची माती झालेली कोनं पाह्यली?"

"कोणी नाही पाहिली."

"मंग तुमाले कोनं सांगतलं?"

पुढच्या बाकावरचे दोघं हसले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाईंनी थोड्या वेळानं दोन वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. बहुधा त्यांना माझी दया आली असावी.

उमरेडच्या मोटार थांब्यावर अनंत जीप घेऊन उभा होता. खाकी कपडे, उन्हानं रापलेलं तोंड, कमरेला हातोडी. कॉलेजात तो माझ्याएवढाच होता, आता उंच वाटला. त्यानं भर रस्त्यात मला मिठी मारली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला.

तळावर

मोहाच्या झाडांखाली चार तंबू होते. मधल्या तंबूत मोठं टेबल, त्यावर नकाशा. काळ्या दगडाला हिरवा रंग, मातीला पिवळा, आणि बरीचशी जागा कोरी. "ही कोरी जागा मला भरायची आहे," अनंत म्हणाला. शाळेत आमच्याकडे एकच नकाशा आहे. त्यावरचा वऱ्हाड बोटं ठेवून ठेवून पुसून गेला आहे.

अनंताची बायको कुमुदवहिनी थंडीच्या दिवसांत तळावरच राहते. त्यांनी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात केला होता आणि वरून हिंगाचं तेल वाढलं. आमच्या घरी गोळाभात होतो तो सणाला किंवा पाहुण्याला. वहिनींनी चुलीपुढे बसल्या बसल्या मला विचारलं, "भाऊजी, नाल्यातला तो हिरवट दगड तुम्ही पाहिलात का? हे म्हणतात ती माती आहे, मला तर त्यात चुना वाटतो." त्यांना दगडांची नावं येत होती! मी घरी आणलेले दगड आमची मंडळी लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यावर ठेवते. त्या रात्रीचं जेवण संपायच्या आधीच माझ्या हेव्याला आणखी एक फांदी फुटली होती.

दुसऱ्या दिवशी अनंतानं मला नाल्यानं फिरवलं. पाण्यानं कापलेल्या काठात थर स्पष्ट दिसत होते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड, आणि एका वळणावर त्या दगडाच्याही खालून डोकावणारा पांढरट हिरवा मऊ थर. लाव्हा येण्याआधी इथं तळी आणि नद्या होत्या, त्यांचा तो गाळ. ही सगळी नावं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो. अनंत त्यांच्यावर बसून डबा खातो. तो एखाद्या थरावरून हात फिरवी, तेव्हा घरच्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवी, आणि मला वाटे की हा हात माझा असायला हवा होता.

त्याच नाल्यात माझी फजिती झाली. काळ्या चिखलात डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला, पाय वर आला पण चप्पल आली नाही. आम्ही दोघांनी काठीनं पुष्कळ ढवळलं. अनंत म्हणाला, "जाऊ दे, काही लाख वर्षांनी कोणाला तरी सापडेल." मग त्यानं मला आपले जुने बूट दिले. ते मला दोन बोटं मोठे होते. पुढचे सगळे दिवस मी त्याच्या बुटांतून फटक फटक चालत होतो.

गुलाबी दगड

तळापासून मैलभरावर कोळसा शोधण्यासाठी जमिनीला भोक पाडणारं यंत्र उभं होतं. तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, गरगरणारी नळी, आणि नळीच्या तोंडाशी हिऱ्यांचे कण बसवलेलं कडं. नळी खाली जाते तसतसा तिच्या पोटात दगडाचा लांब दांडा भरत जातो. तो वर काढून लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायचा. तळावर सगळे त्या दांड्यांना कांड्या म्हणत, कारण यंत्रावर काम करणारे बाराही जण उमरेडचे विणकर होते. त्यांना गुंडाळलेल्या सुताची कांडी ठाऊक, म्हणून दगडालाही तेच नाव मिळालं.

त्यांच्यातला नामदेव पन्नाशीचा. मी महालातला आणि विणकराचा मुलगा, हे कळल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"तुमच्या घरी माग हाये का मास्तर?"

"वडील गेल्यावर मोडून माळ्यावर ठेवला."

"माहा उभा हाये, पन बसतो कोन? सूत भेटत नाही, अन् भेटलं त लुगडं खपत नाही. हे मशीन आलं म्हणून बारा घरच्या चुली पेटून राहिल्या बाप्पा." मग हसून म्हणाला, "आमी मागाचा खड्डा खंदला तवा कमरेइतकी माती पाह्यली. आता त पार पाताळ पाहून राहिलो."

तिसऱ्या दिवशी सकाळी भोकातून गुलाबी दगड आला. त्याआधीच्या पेट्यांत मी नाल्यात पाहिलेलेच थर ओळीनं पडले होते: माती, मुरूम, काळा दगड, मग हिरवट गाळ. आणि आता ही गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांची, हातभर लांब, कठीण कांडी. अनंतानं हातोडीनं मधला तुकडा फोडला, भिंगातून पाहिला आणि मान हलवली.

"तळ लागला," तो म्हणाला. नागपूरच्या पूर्वेला हाच दगड उघडा पडलेला आहे. पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्यांत जुन्या दगडांपैकी तो एक. बाकी सारे थर त्याच्यावर बसलेले. कोळसा असलाच तर त्याच्या वर असतो, खाली कधीच नाही. दोन मैलांवरच्या आधीच्या भोकातही जवळजवळ इतक्याच खोलीवर हाच दगड लागला होता, त्यामुळे अनंताला शंका येण्याचं कारण नव्हतं. "इथं कोळसा नाही. उद्या नळ्या काढा. मशीन वणीकडं हलवू." महिनाभराची मेहनत वाया गेली म्हणून तो उदास होता. नामदेव हात पुसत उठला. वणी उमरेडपासून फार लांब आहे, मशीन तिकडे गेलं की या बारा जणांचं काम जाईल, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

दुपारी अनंत कागद लिहायला तंबूत गेला आणि मी पेट्यांपाशी एकटा राहिलो. त्या कांडीचा सगळ्यांत खालचा तुकडा चिखलानं माखलेला होता. सहज म्हणून मी तो बादलीत धुतला. वरच्या तुकड्यांची टोकं तुटलेली, खरबरीत होती. याचं खालचं टोक गोल होतं. गुळगुळीत होतं. मी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कन्हान नदीच्या पात्रातला गोटा हातात घेतल्यावर लागतो तसा लागला. खाली थोडी पांढरी वाळू चिकटलेली होती.

हा तळ नव्हता. फार जुन्या कुठल्यातरी नदीनं दुरून लोटत आणलेला एक मोठा धोंडा होता. नळी त्याच्या आरपार गेली होती आणि खाली पुन्हा गाळ होता. म्हणजे अजून कितीतरी थर शिल्लक होते. कदाचित कोळसाही.

मला जे वाटलं ते सांगताना लाज वाटते. माझ्या अंगातून एकदम गोड काहीतरी वाहत गेलं. अनंत चुकला! साहेब चुकला. दोन्ही डोळ्यांनी अक्षरं वाचणारा चुकला आणि मला दिसलं. मी आजूबाजूला पाहिलं. मग बादलीतला चिखल घेतला, त्या गोल टोकाला नीट फासला, आणि तुकडा होता तसा पेटीत ठेवला.

संध्याकाळी वहिनींनी पिशवीतल्या त्या वांग्यांची भाजी केली, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला. मी दोनदा मागून घेतली. अनंतानं भाजीला हातही लावला नाही. मी त्याची समजूत घातली, "चालायचंच, जमिनीच्या पोटातलं कोणाला दिसतं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याशी मोकळेपणानं बोललो.

सकाळी

चौथ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो, तेव्हा नामदेव आला.

"मास्तर, तुमी काल शेवटची कांडी धुतली."

मी तोंडावर पाणी मारत राहिलो.

"मी पाह्यलं. धुतली, अंगठा फिरवला, अन् पुन्हा चिखल लावला. त्यात काई खोट हाये ना? मग सायबाले सांगतलं काहून नाही?"

"तुला वाटत होतं तर तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगतलं ना! शेवटी शेवटी मशीन हलकं झालं होतं. मशीनच्या मिस्त्रीले म्हटलं, खाली पोकळ लागून राहिलं. तो म्हणे, तू मागावरचा माणूस, तुले दगडाचं काय समजते." त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले नाही समजत. तुमाले त समजते."

लांबून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. नळ्या निघू लागल्या होत्या. भोकाच्या मऊ थरांना त्या नळ्यांचाच आधार होता. त्या पूर्ण बाहेर आल्या की भोक ढासळणार आणि मग काहीच करता येणार नव्हतं. ही बारा माणसं आपल्या हातांनी आपलंच काम उपटून काढत होती, आणि ते थांबवू शकेल ते एक वाक्य माझ्या तोंडात होतं.

मी धावलो. त्या मोठ्या बुटांतून नीट धावता येईना. पेटीतून तुकडा उचलला आणि अनंताच्या तंबूत शिरलो. तो वरच्या कचेरीला चिठ्ठी लिहीत होता, बाहेर ती न्यायला जीप सुरू करून ठेवलेली होती.

"अनंता, नळ्या थांबव. हा तळ नाही."

मी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी तुकड्यावर ओतलं. नकाशावर चिखल उडाला. अनंतानं तुकडा घेतला, टोकावरून अंगठा फिरवला, आणि भिंग न घेताच बाहेर पळाला. त्याच्या हाका मला ऐकू येत होत्या, "थांबा! थांबवा!" चार नळ्या वर आल्या होत्या. बाकीच्या अजून जमिनीत होत्या.

तो परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. "पांडू, वाचवलंस रे! केव्हा पाहिलंस?"

‘आत्ता’ म्हणता आलं असतं. तंबूच्या दाराशी नामदेव उभा होता. तो सांगणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "काल दुपारी. धुऊन पाहिलं आणि परत चिखल लावून ठेवलं."

अनंताचं हसू हळूहळू गेलं. कॉलेज सोडल्यापासून तो माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचा. आता तो एवढंच म्हणाला, "काहून रे?"

"तुला साहेब म्हणतात म्हणून."

पलीकडे वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी माझी पिशवी भरायला उठलो, तेव्हा अनंतानं टेबलावरची नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

"संध्याकाळच्या मोटारीनं जायचं असेल तर जा. राहिलास तर पुढच्या कांड्या तू वाच. मी तपासणार नाही."

मी राहिलो.

कांड्या

पुढचे चार दिवस मी यंत्रापाशी बसून काढले. धोंड्याखाली लहान गोटे आले, मग मळकट माती, मग पांढरा भरड वालुकाश्म, हातात घेतला की कण सुटायचे. प्रत्येक कांडी मी स्वतः धुतली, दोन्ही टोकं पाहिली, आणि वहीत लिहिली. अनंत दिवसातून एकदा येई, मी वाचून दाखवी, तो ऐकून जाई. कामापुरतं बोलणं होई. वहिनी वेळेवर जेवायला वाढत, पूर्वीइतकंच वाढत. ‘भाऊजी, आणखी घ्या ना’ मात्र त्या म्हणेनाशा झाल्या, आणि मीही मागत नसे.

आठव्या दिवशी दुपारी नळीतून पाण्याबरोबर काळं येऊ लागलं. नामदेव ओरडला, "मास्तर, पानी पाहा, पानी!" नळी वर आली. आधी पाटीच्या दगडासारखा काळा खडक, त्यात पानांचे ठसे. आणि त्याखाली कोळसा. कांडी अखंड नव्हती, तुकडे तुकडे होऊन आली, पण उन्हात चकाकत होती. मी ते तुकडे दोन्ही हातांत घेतले. कधी काळी इथं जंगल होतं, ते बुडालं, नदीनं त्यावर वाळू घातली, धोंडे लोटले, वर लाव्हा पसरला, त्याची माती झाली, त्या मातीत लोकांनी तुरी पेरल्या. आणि त्या जंगलाचा हा तुकडा पहिल्यांदा माझ्या हातात आला होता. बारा विणकर माझ्याभोवती गोळा होऊन बोटं लावून पाहत होते. तेवढा वेळ मला अनंताची आठवण झाली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

मग अनंत आला, त्यानं पाहिलं, आणि वरच्या कचेरीला तार लिहायला बसला. तारेखाली सही त्याची. ती सही पाहिल्यावर माझा हेवा पुन्हा जागा झाला. एवढं सगळं झाल्यावर तरी तो जायला हवा होता. गेला नाही.

नवव्या दिवशी त्यानंच मला थांब्यावर सोडलं. मोटार सुटायला वेळ होता. तो म्हणाला, "अहवालात तुझं नाव लिहिलं आहे. धोंडा तू ओळखलास, कोळशाची पहिली नोंद तुझ्या हातची, हे दोन्ही लिहिलं आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं अहवालात लिहायचं नसतं." मग म्हणाला, "पण पांडू, ते मी विसरेन असं समजू नकोस."

"मी माफी मागितली नाही अजून."

"मागू नकोस. मागितलीस तर मला द्यावी लागेल."

मोटार सुटेपर्यंत तो उभा राहिला. मिठी मारली नाही, हात मात्र हलवला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. पत्र नाही. मी दोन पाठवली, उत्तर आलं नाही. या नाताळात सुट्टीभर घरीच होतो. परवा नामदेव काही कामानं महालात आला होता, माझं घर शोधत आला. त्याच्या गावाजवळ आणखी चार भोकं पडली, चारही ठिकाणी कोळसा लागला, पुढेमागे तिथं खाण निघेल असं लोक बोलतात. त्याचं काम टिकलं आहे, मुलगाही यंत्रावर लागला. चहा पिता पिता मी अनंताची चौकशी केली.

"सायेब यंदा वणीकडं हायेत. मागल्या हप्त्यात मी तिकडं पेट्या पोचवाले गेलतो. बरे हायेत."

"तळावर कोणी पाहुणे वगैरे?"

"हाये एक. सायबाच्याच शिक्षणाचा, दुसऱ्या कालेजातला. सुट्टीत येऊन राहिला. दिवसभर कांड्या पायते."

मी कप खाली ठेवला. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "आणि काही दिसलं की लगेच सांगतो?"

मी थट्टा केल्यासारखं विचारलं होतं, पण नामदेव हसला नाही. "व्हय मास्तर," तो म्हणाला, "लगेच सांगते."